कोकणची बोट आणि बंदरांचे थांबे
(विक्रोळी येथे श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विक्रोळीला समुद्र नाही, असे विक्रोळीत जन्म काढलेली माणसेदेखील सहज बोलून जातात. वस्तुस्थिती तशी नाही. पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून कन्नमवार नगराच्या पलीकडे गेले की तिवरांची दाट राई लागते आणि त्या राईमागे ठाण्याची खाडी दिवसातून दोन वेळा भरते व दोन वेळा ओसरते. मुख्यमंत्रिपदावर असताना १९६३ साली निधन पावलेल्या मारोतराव कन्नमवार यांचे नाव धारण करणारी ही वसाहत नोकरदार माणसांनी भरली. त्यांत रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले या बाजूची कुटुंबे पुष्कळ. या कुटुंबांतील आजोबा-पणजोबा मुंबईस आले ते बहुधा बोटीने. भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन गिरणगावाकडे चालू लागले. पाण्याच्या वाटेने आलेली माणसे पुन्हा पाण्याच्याच काठी येऊन राहिली, मात्र पाण्याकडे पाठ करून.

आजचा विषय त्या बोटीचा आहे. परंतु केवळ तिच्या आठवणीचा नाही. बोट गेली म्हणून हळहळणारे लेखन मराठीत बरेच झाले आहे. बोट बंद झाली तेव्हा किनाऱ्यावरील गावांचे नेमके काय गेले, आणि त्यातील काय परत आणता येण्याजोगे आहे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी एकोणिसाव्या शतकापासून चालत होत्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव त्यांत सर्वांत मोठे. स्वदेशीच्या लाटेत सहकारी भांडवलावर दुसरी कंपनी उभी राहिली. लोकांनी तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हटले. एखाद्या प्रवासी कंपनीला जनतेने ‘माझी’ म्हणावे, हा प्रसंग आपल्याकडे विरळाच. पुढे चौगुले यांच्या आणि त्यानंतर सरकारी मोगल लाइनच्या बोटी धावल्या. ‘रोहिदास’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आज साठी ओलांडलेल्या चाकरमान्यांच्या तोंडी अजून आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही नियमित सेवा थांबली.

या बोटीचा मार्ग नकाशावर पाहिला तर ती सरळ मुंबईहून पणजीस जाणारी रेषा वाटते. प्रत्यक्षात ती थांब्यांची माळ होती. बोटीप्रमाणे व हंगामाप्रमाणे थांबे कमीअधिक होत. पण सुवर्णदुर्गासमोरचे हर्णै, वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ, शास्त्रीच्या मुखावरील जयगड, मग रत्नागिरी, राजापूरच्या खाडीच्या तोंडाशी असलेले मुसाकाजी, वाघोटणच्या मुखावर विजयदुर्ग, पुढे देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी मांडवीत पणजी, हा क्रम कोकणी माणसाला रामरक्षेसारखा पाठ असे. यांतील बहुतेक ठिकाणे नदीच्या मुखाशी आहेत, हे ध्यानात घ्यावे. बोट बंदरात येई आणि तेथून खाडीच्या वाटेने होड्या व मचवे दहा-पंधरा मैल आतपर्यंत माणसे, नारळ, आंबा, कौले व टपाल वाहून नेत. एक थांबा म्हणजे एका अख्ख्या खोऱ्याचा दरवाजा होता.

बोट बहुतेक बंदरांत धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव तिच्या कुशीला येऊन भिडत. लाटेबरोबर पडाव वर आला की उतारूने नेमक्या क्षणी पाऊल टाकावयाचे. म्हातारी माणसे व तान्ही मुले खलाशांनी हातोहात झेलावयाची. पडाव किनाऱ्याजवळ आल्यावरही शेवटची काही पावले पाण्यातूनच असत. पुष्कळदा हमालाच्या खांद्यावरून. तुतकावर रात्र काढून आलेल्या उतारूस तांबडे फुटता फुटता समोर गावाचा दिवा दिसे. या प्रवासात हाल होते, मळमळ होती, गर्दी होती. त्याला सुखाचा प्रवास म्हणण्याचे धाडस ज्याने तो केला नाही तोच करील.

तथापि या हालांच्या भोवती एक अर्थव्यवस्था उभी होती. पडावाचे तांडेल, हमाल, बैलगाडीवाले, खानावळी, बंदरावरची चहाची दुकाने, कोळशाचा व मिठाचा व्यापारी, कस्टमचा नाका, टपालाची थैली उतरवून घेणारा शिपाई, या सर्वांचे दिवसाचे वेळापत्रक बोटीच्या भोंग्यावर चाले. बंदराचा बाजार गावाच्या मुख्य बाजाराहून मोठा असे. चार महिने पावसाळ्यात बोट बंद राही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागे आणि बंदर पुन्हा जागे होई. म्हणून बोट बंद झाली तेव्हा मुंबईकराचे फारसे काही बिघडले नाही. त्याला एस.टी. होती, खाड्यांवर पूल झाले होते आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. बिघडले ते बंदराचे. रस्ता आणि रेल्वे दोन्ही किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या बाजूने गेल्या. पूर्वी जी गावे दारावर होती ती परसात गेली.

यानंतर समुद्रप्रवास पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९९० च्या दशकात मुंबई ते गोवा वेगवान कॅटामरान चालली. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ ही आलिशान प्रवासी नौका त्याच मार्गावर आली. तिची सेवा २०२० च्या महामारीनंतर राहिली नाही. दोन्ही प्रयत्नांत साहस होते आणि त्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु दोहोंची कल्पना मुंबई ते गोवा अशीच होती. मधला किनारा खिडकीतून पाहावयाचा देखावा ठरला. रात्री दिवे लखलखत नौका विजयदुर्गासमोरून जावी आणि विजयदुर्गातील एकाही माणसाची एक कप चहादेखील विकली जाऊ नये, याला बंदराचा विकास म्हणता येणार नाही.

येथे थोडे वेंगुर्ल्यात थांबू. या गावात एका जुन्या वास्तूचे भग्नावशेष उभे आहेत. लोक तिला डच वखार म्हणतात. ती राज्य संरक्षित स्मारक आहे. १६३७ साली, आदिलशाहीच्या अमदानीत, डच ईस्ट इंडिया कंपनीने वेंगुर्ल्यात आपले ठाणे मांडले. हेतू व्यापाराचा होताच, पण त्याहून निकडीचा एक हेतू होता. पोर्तुगीजांना कोंडीत पकडण्यासाठी डच जहाजे गोव्याच्या तोंडावर महिनोन्महिने वेढा घालून राहत. त्या जहाजांना गोडे पाणी, तांदूळ, ताजे अन्न व सरपण हवे होते. आजारी खलाश्यांना जमिनीवर पाय टेकावयास जागा हवी होती. वेंगुर्ले हा त्यांचा थांबा होता. पुढे येथूनच पाठविलेल्या डच पत्रांतून शिवकालाच्या घडामोडींची कितीतरी माहिती इतिहासकारांस मिळाली. म्हणजे जगातील त्या काळच्या सर्वांत बलाढ्य व्यापारी कंपनीलाही वेंगुर्ल्याकडून मुख्यतः जे हवे होते ते पिण्याचे पाणी, शिधा आणि सुरक्षित नांगरवाडा.

ही कंपनी १६०२ साली स्थापन झाली तेव्हा तिचे सहा विभाग सहा शहरांत होते. त्यांपैकी हॉर्न आणि एन्खौझन ही दोन लहान बंदरे झायडर झी या उथळ समुद्राच्या काठची. शाळेच्या भूगोलात झायडर झी सर्वांनी वाचलेला आहे. वेंगुर्ल्याचे आणि या दोन गावांचे हे जुने नाते लक्षात घेतले, म्हणजे पुढे त्या गावांचे काय झाले हे जाणून घेण्यात आपल्याला रस वाटावा.

व्यापारी जहाजे मोठी होत गेली, झायडर झी उथळ राहिला, आणि ती दोन्ही बंदरे मागे पडली. मासेमारीवर त्यांनी तग धरला. १९१६ साली मोठा पूर आला आणि हॉलंडने समुद्राचे तोंडच बांधून टाकण्याचा निर्णय घेतला. सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध १९३२ साली पुरा झाला. खारा समुद्र गोड्या पाण्याचे सरोवर झाला. त्याबरोबर हेरिंग आणि अँकोव्ही ही समुद्रातून येणारी मासळी संपली. त्या मासळीवर जगणारे होडीवाले निरुपयोगी ठरले. त्यांना साहाय्य देण्याचा कायदा सरकारने बांध पुरा होण्यापूर्वीच, १९२५ साली, केला होता. प्रकल्पग्रस्तांचा विचार प्रकल्पाच्या आधी करण्याचे हे उदाहरण आपल्या अधिकारीवर्गाने मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

मासेमारी संपलेल्या या बंदरांत आज उन्हाळ्यात जागा मिळत नाही, इतक्या होड्या असतात. त्या प्रवाशांच्या होड्या होत. शिडाच्या, लहान यंत्राच्या, काही जुन्या मालवाहू शिडांच्या नौका दुरुस्त करून घेतलेल्या. कुटुंबे आपापल्या होडीतून निघतात आणि रोज दोन-चार तासांचे पाणी कापून दुपारी एखाद्या गावात थांबतात. घाई नसते. वाटेत पूल येतो. पुलावर लाल दिव्याच्या जोडीला हिरवा दिवा लागला की पूल आता उघडणार असे समजावयाचे. काही ठिकाणी पूल उघडणारा मनुष्य गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून तो होडीसमोर सोडतो. त्यात नाणी टाकावयाची, की पूलपट्टी भरली! गावाच्या धक्क्यावर बंदरमास्तर होडीची लांबी मोजून रात्रीचे भाडे घेतो आणि माणशी थोडा पर्यटक कर. मोबदल्यात पाण्याचा नळ, विजेची जोडणी, स्वच्छतागृह व कचऱ्याची पेटी मिळते. जागा अपुरी पडली तर एका होडीला दुसरी, दुसरीला तिसरी बांधतात आणि बाहेरच्या होडीतील माणसे शेजाऱ्याच्या होडीवरून, पण तिच्या पुढच्या भागावरूनच, धक्क्यावर जातात. मागच्या भागात घर असते, तेथून कोणी जावयाचे नाही. संध्याकाळी ही माणसे गावात पाव घेतात, मासळी खातात, संग्रहालय पाहतात. एन्खौझनमध्ये त्या नाहीशा झालेल्या समुद्राचेच संग्रहालय आहे.

या व्यवस्थेत डोळे दिपविणारे काही नाही. नळ, दिवा, पायरी आणि भाडे घेणारा एक जबाबदार मनुष्य. ही सारी कामे आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या व नगरपरिषदेच्या आवाक्यातली समजली जातात.

हॉलंडची नक्कल येथे चालणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तेथे बांधाआड भरती-ओहोटी उरलेली नाही; येथे मुंबईस उधाणाच्या भरतीचे व ओहोटीचे अंतर पाच मीटरच्या जवळपास जाते. तेथे उन्हाळा हा होडीचा हंगाम. येथे उन्हाळा संपताच समुद्र माणसाचे ऐकेनासा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचा फरक म्हणजे तेथील कुटुंबाची स्वतःची होडी असते. येथे पर्यटकापाशी होडी नाही. होडी कोळ्यापाशी, भोई समाजापाशी, गाबितापाशी आहे. म्हणून कोकणात सावकाश जलप्रवास सुरू झाला तर त्याचे भाडे प्रथम स्थानिक तांडेलाच्या हाती पडेल. हा फरक आपल्या बाजूचा आहे.

याची सुरुवात झालेली आहे. २००३ पासून दाभोळ व धोपावे यांमध्ये वाहने नेणारी फेरीबोट चालते. मागोमाग वेशवी-बागमांडला, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा खाड्यांवर फेऱ्या सुरू झाल्या. या फेरीच्या दोन्ही टोकांस जाऊन पाहावे. जेथे पूर्वी केवळ चिखल होता तेथे चहा, वडापाव, आंब्याच्या दिवसांत पेट्या, अशी दुकाने लागलेली आढळतील. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा सुरू झाली, आणि २०२५ साली भाऊच्या धक्क्यावरून जयगड व विजयदुर्ग येथे अशीच सेवा नेण्याची घोषणा झाली. या घोषणेत मधल्या बंदरांची नावे आहेत, हीच तिच्यातील जमेची बाजू. मात्र मोठी बोट जयगडास आली आणि तेथून खाडीत आत नेणारी होडी, तिच्या वेळांचा फलक, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व रात्रीचा दिवा नसला, तर उतारू मोटारीत बसून सरळ महामार्ग गाठील. जयगडास त्याच्या टायरची धूळ तेवढी मिळेल.

लहान बंदरांच्या बाबतीत तपशीलच सारे काही ठरवितो. धक्का भरतीच्या पाण्याचा हिशेब करून बांधला आणि ओहोटीत पायऱ्यांखाली चार हात शेवाळलेला चिखल उरला, असे दृश्य किनाऱ्यावर नवे नाही. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का हा त्यावरचा उपाय होय. हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव होतो, त्या वेळी त्याच जागेत पर्यटकांच्या होड्या आणणे म्हणजे भांडणास आमंत्रण देणे. मच्छीमाराचा धक्का हा प्रथम मच्छीमाराचा. पाहुण्याची वेळ त्याच्या वेळेभोवती बसवावी लागेल. हे काम मुंबईच्या कचेरीतून होणारे नाही. कोणत्या तिथीला पाणी किती वाजता भरते हे ज्या पंचायत सदस्याला घरबसल्या ठाऊक असते, त्यानेच ते करावे. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे (ते १९९६ साली स्थापन झाले) प्रस्ताव पाठविताना असे स्थानिक ज्ञान कागदावर उतरविले, तर प्रस्तावाचे वजन निश्चित वाढते.

सुरक्षिततेविषयी मात्र कोणतीही सवलत मागू नये आणि देऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आले असताना अलिबाग-रेवसच्या बाजूची कित्येक घरे सुतकात होती. ही फार जुनी गोष्ट झाली असे म्हणावे, तर १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीस मुंबई बंदरातच नौदलाच्या वेगनौकेची धडक बसली आणि एकूण १५ जीव गेले. जीवरक्षक जाकीट होडीत गाठोडे बांधून ठेवण्यासाठी नसते. ते अंगावर घातल्याशिवाय होडी सुटणार नाही, असे सांगण्याचा अधिकार तांडेलास असला पाहिजे आणि पाहुणा कितीही मोठा असला तरी त्याने तो मानला पाहिजे. पावसाळ्यात बंदी असताना ‘एकच फेरी’ म्हणून गळ घालणारे बहुधा सरकारी विश्रामगृहात उतरलेले असतात, असा किनाऱ्यावरचा अनुभव आहे!

आता पुन्हा वेंगुर्ल्याकडे. डच वखार असलेल्या याच गावात मांडवीच्या खाडीवर २०१७ पासून ‘स्वामिनी’ हा मच्छीमार महिलांचा बचत गट पाहुण्यांना होडीतून तिवरांची सफर घडवितो. शासनाच्या कांदळवन कक्षाचे व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे साहाय्य त्यास लाभले. होडी वल्ह्यांची आहे. यंत्राचा आवाज नाही. वल्हे मारीत मारीत या भगिनी तिवरांच्या जाती सांगतात, पक्षी दाखवितात. ज्या खाडीकडे केवळ चिखल व डास म्हणून पाहिले जाई तिच्यातून घरखर्चाला हातभार लागतो, आणि तिवर तोडावयास आलेल्याला अडविण्यास प्रथम याच पुढे होतील, हे सांगावयास नको.

आणि विक्रोळी? येथील तिवरांचा मोठा पट्टा गोदरेजच्या जमिनीवर राखला गेला आहे. खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र १,६९० हेक्टर. २०२२ साली त्यास रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. समोरच्या काठावर ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून रोहित पक्षी पाहण्यासाठी होड्या निघतात. त्यांचे वेळापत्रक घड्याळावर नव्हे, भरतीवर असते. पाणी फार ओसरले तर होडी चिखलात रुतते, फार भरले तर पक्ष्यांना उभे राहावयास चिखल उरत नाही व ते दूर उडून जातात. या दोहोंमधला तास-दीड तास तेवढा उपयोगाचा. येथील शिक्षकांनी नोव्हेंबर ते मे या काळात मुलांना एकदा तरी तेथे न्यावे. जाण्यापूर्वी वर्गात भरतीचे कोष्टक फळ्यावर लिहावे आणि कोणत्या दिवशी किती वाजता निघावे हे मुलांकडूनच काढून घ्यावे. घरी आजोबा असतील तर त्यांना विचारण्यास सांगावे; कोकणच्या माणसाला तिथीवरून पाण्याची वेळ बोटांवर मोजता येते, आणि बहुतेक वेळा ती कोष्टकाशी जुळते.